काटा शंभूची एक ओळ

आमच्या गावात शंभुलिंग बिराजदार चार आहेत. आजोबा शंभुलिंग वारले, आणि त्यांच्या चार मुलांपैकी ज्याच्या त्याच्या घरी पहिला मुलगा झाला तेव्हा प्रत्येकाने तेच नाव ठेवलं. आजोबांवर हक्क चौघांचा सारखा, मग तिघांनी तो का सोडावा? गावाने आपली सोय पाहिली आणि चौघांना काटा शंभू, ट्रॅक्टर शंभू, मास्तर शंभू आणि पुणेकर शंभू अशी नावं पाडली. या नावांनी गावात चिठ्ठी पोहोचते, हळदीचं आमंत्रण पोहोचतं. सरकारी कागदावर मात्र ही नावं चालत नाहीत, आणि ही गोष्ट तिथूनच सुरू होते.

काटा शंभू म्हणजे मुरुमच्या बाजारातला तोलार. वैजनाथ शेटच्या अडतीवर पस्तीस वर्षं त्याने धान्य तोललं. लोखंडी तराजू गेला, दांडीकाटा गेला, आकडे दाखवणारा काटा आला, तरी शेतकरी आकड्याकडे न बघता शंभूच्या तोंडाकडे बघायचे. पहिल्या कट्ट्याला, म्हणजे पोत्याला, तो ‘एक’ म्हणायचा नाही, रिवाजाप्रमाणे ‘लाभ’ म्हणायचा, आणि तेही असं, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्याला आजच काहीतरी मिळालं. अंगाने किरकोळ, मिशी अंगापेक्षा भारी. खोटं बोलता न येणं हा त्याचा एकमेव दुर्गुण, आणि तो त्याला पुढे फार महाग पडला.

मी उमाशंकर, त्याच गावचा. तालुक्याच्या एका कोर्टात तीस वर्षं कारकुनी केली. कोर्टाचं नाव लिहीत नाही. कारकुनाच्या हाताला जी सवय लागते ती निवृत्तीनंतरही जात नाही. माझं अक्षर चांगलं. ही मी स्वतःची स्तुती करत नाही, गावात कुणाचंही लग्न निघालं की पत्रिकांवर पत्ते घालायला गठ्ठा माझ्याकडे यायचा. काटा शंभूच्या मुलीच्या, शिवप्रियेच्या, लग्नाच्या तीनशे पत्रिका मीच लिहिल्या.

सहा वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या टेबलावर ट्रॅक्टर शंभूचं वॉरंट आलं. हा गडी ढोकीच्या साखर कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढतो. जळकोटजवळ हायवेवर त्याची ट्रॉली एका पानटपरीला घासली, टपरी आडवी झाली, केस झाली. तारखांना हा हजर नाही, कारण याच्या मते उसाला तारीख असते, माणसाला नसते. शेवटी साहेबांनी अजामीनपात्र वॉरंट काढायचा हुकूम केला. छापील नमुना होता, नाव-गाव हाताने भरायचं. सुट्ट्या लागायला एक तास उरला होता आणि घरून कंदील आणायला सांगितलं होतं. मी लिहिलं, ‘शंभुलिंग बिराजदार’, पुढे गावाचं नाव. वडिलांच्या नावाची जागा तशीच राहिली, वयाचीही. कोणता शंभुलिंग हे मला इतकं पक्कं ठाऊक होतं, की कागदालाही ते ठाऊक असेल असं वाटलं. साहेबांपुढे चाळीस कागद होते, त्यांनी त्यात यावरही सही केली.

वॉरंट घेऊन हवालदार सकाळी गावात आला. पारावर त्याने विचारलं, शंभुलिंग बिराजदार कोण? आता आमच्या गावाची एक चांगली सवय आहे. बाहेरचा कुणीही आला, बँकेचा, वजनमापाचा, मतदारयाद्यांचा, की त्याला काटा शंभूकडे पाठवायचं. तो नीट बोलतो, चहा करतो आणि कुणाचं वाकडं सांगत नाही. पारावरच्यांनी त्याच चांगुलपणाने बोट दाखवलं.

शंभूला वाटलं वजनमापवाला आला. त्याने प्रेमाबाईला, म्हणजे बायकोला, चहा टाकायला सांगितला. काट्याच्या तपासणीचं प्रमाणपत्र पिशवीत घेतलं आणि हवालदार ‘चला’ म्हणाल्यावर आनंदाने जीपमध्ये बसला. ठाण्यात विचारलं, शंभुलिंग बिराजदार तुम्हीच? हा म्हणाला, “व्हय.” दुपारी सुट्टीतल्या न्यायाधीशांपुढे उभं केलं. त्यांनी विचारलं, शंभुलिंग बिराजदार तुम्हीच का? हा म्हणाला, “व्हय.” पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?

“न्हाय सायेब. चांगली मानसं हायती. चहा म्याच पाजला त्यांस्नी.”

एवढ्या गोड आरोपीला न्यायाधीश तरी काय करणार? सुट्टी संपेपर्यंत न्यायालयीन कोठडी.

इथवर हसायला हरकत नाही, मीही हसतो. पुढचं मात्र हसून सांगता येत नाही. सबजेलच्या दारात अंगझडती झाली. नियमाप्रमाणे गळ्यात दोरा ठेवता येत नाही. शंभूच्या गळ्यात इष्टलिंग होतं, आठव्या वर्षी लिंगायत दीक्षेत मिळालेलं. ते पन्नास वर्षांत कधी अंगावरून उतरलं नव्हतं. तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याशिवाय त्याने कधी घास घेतला नव्हता. तिथल्या शिपायाने यादी केली, ‘चांदीची डबी एक, आत काळा दगड एक, दोरा एक.’ शंभूने हात जोडले, समजावलं, पण नियम नियमच होता. मग त्याने भांडण केलं नाही. फक्त जेवला नाही. चार दिवस पाण्यावर राहिला. बाहेर दिवाळी होती.

चौथ्या दिवशी प्रेमाबाई माझ्या घरी आली. म्हणाली, “अण्णा, तुमी कोर्टात असता. आमच्या मानसानं कुणाची टपरी पाडली म्हनत्यात. त्येला सायकल बी नीट येत न्हाय.” माझ्या हातातली चकली तशीच राहिली. टपरी म्हटल्यावर मला वॉरंट दिसलं आणि वॉरंटातली मोकळी जागाही दिसली. मी धावपळ केली, हे खरं. शिवरंजनी वकीलबाईंना गाठलं, अर्ज लिहून दिला, आधार कार्ड जोडलं, आणि संध्याकाळपर्यंत ‘सोडून द्यावे’ एवढ्याच शब्दांच्या हुकमावर शंभू बाहेर आला. हेही खरं, की वाटेत प्रेमाबाईने “चुकी कुनाची?” म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणालो, “पोलिसांची.”

ट्रॅक्टर शंभू पुढे आरामात हजर झाला आणि लोकअदालतीत त्याचं मिटलं. ज्याच्या नावाचं वॉरंट, तो एक दिवसही आत गेला नाही. टपरीवाल्याचा आणि त्याचा आता घरोबा आहे.

दिवाळीच्या पाडव्याला अडतीवर काट्याची पूजा असते. पूजा करून पहिला कट्टा शंभूनेच तोलायचा हा वैजनाथ शेटचा नेम. त्या वर्षी शंभू आला, नमस्कार केला आणि मागे सरकला.

“शेट, काट्याला हात लावनाऱ्यावर डाग नगं. कागदात म्या अजून आरोपीच हाय. चुकीचा मानूस नेला, असं कुनीतरी एक ओळ लिवून द्यावं. मग धरतो काटा.”

सगळ्यांनी समजावलं, अरे तुझ्यावर संशय कोण घेतंय? तो म्हणाला, तुमी न्हाय घेत, म्या घेतो. त्या दिवसापासून तो त्याच अडतीवर, काट्यापासून पाच हातांवर, दाभण-सुतळी घेऊन कट्ट्यांची तोंडं शिवायला बसला. काट्यावर दुसरा तोलार उभा राहिला. शंभूसारख्याने ओळीसाठी हट्ट धरावा याचं बाजाराला आधी हसू आलं, मग वाईट वाटू लागलं, आणि शेवटी सवय झाली.

ओळ मागायला तो ठाण्यात गेला. ते म्हणाले, आम्ही वॉरंट बजावलं, वॉरंटावर नाव तुमचं, तुम्ही ‘व्हय’ म्हणालात. कोर्टात गेला. आमच्या ऑफिसने सांगितलं, हुकूम बरोबर शंभुलिंगाला धरायचा होता, तुम्ही शंभुलिंग आहात. चूक कुठे दिसते? हे त्याला सांगणारा मीच होतो. मग शिवरंजनीबाईंनी दावा करायचं ठरवलं, बेकायदा अटकेबद्दल.

बाईंनी त्याला आधीच समजावून सांगितलं होतं. न्यायाधीशांवर दावा चालत नाही. त्यांना संरक्षण देणारा कायदा अठराशे पन्नास सालचा. त्या साली आपल्या भागात निजामाचं राज्य होतं आणि शंभूच्या आजोबांचे आजोबा बैल राखत असतील, पण न्यायाधीशाला कुणी त्रास देऊ नये याची सोय तेव्हाच झाली होती. पुढे एकोणीसशे पंच्याऐंशीत आणखी एक कायदा झाला, पहिला जुना वाटू नये म्हणून असेल. पोलिसांना कोर्टाचं वॉरंट असलं की संरक्षण, आणि त्यांनी सद्भावनेने काम केलं असलं की वर आणखी संरक्षण. शिवाय दाव्याला मुदत, आणि आधी नोटीस द्यायची अट. शंभूने सगळं नीट ऐकलं.

“बाई, म्हंजी ह्या सगळ्यांस्नी छत्री हाय. आनि पाऊस पडला तो माझ्यावर.”

“तसंच आहे काका. तरी करू. दाव्यात तरी कुणी लिहील, की माणूस चुकीचा होता.” मग बाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, “अण्णा, ते वॉरंट भरलं कुणी होतं?”

“ऑफिसनं,” मी म्हणालो.

कोर्टात सगळं ऑफिसच लिहितं. ऑफिसला हात असतात, चष्मा असतो, दिवाळीला कंदील न्यायचा असतो, पण नाव नसतं. बाई घाईत होत्या, त्यांनी पुढचं विचारलं नाही. मी सुटलो.

सुटलो असं मला वाटलं. कारण पुढच्या सोमवारी शंभू माझ्या ओसरीवर आला. प्लास्टिकच्या पिशवीत दाव्याचे कागद. “अण्णा, जरा वाचून दावा की. चष्मा घरी ऱ्हायला.” चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता. म्हातारपणी होतं असं, म्हणून मी वाचायला घेतलं. पहिलाच कागद वॉरंटाची नक्कल.

“म्हंजी बापाचं नाव न्हायच का त्येच्यात?”

“नाही.”

“असं कसं ऱ्हायलं असंल?”

“राहतं कधी कधी.”

“अक्षर तर लई सुबक हाय. कुनाचं असंल?”

“ऑफिसचं.”

“ऑफिसचं अक्षर झकास हाय,” असं म्हणून तो कागदावर मान वाकवून कौतुकाने बघत राहिला.

हे दर सोमवारी. सहा वर्षांत किती सोमवार येतात ते मोजायला मी बसलो नाही, पण ते वॉरंट मला रुद्राक्षाच्या माळेवरच्या जपासारखं पाठ झालं. कधी पोलिसांचं उत्तर आलं म्हणून यायचा, कधी तारीख पडली म्हणून, कधी काहीच झालं नाही म्हणून. कागद कुठलाही असो, सुरुवात वॉरंटापासून. “मुळापास्नं वाचा अण्णा, मधूनच कळत न्हाय.” आणि शेवटी अक्षराचं कौतुक. एकदा माझी बायको आतून म्हणाली, “एवढं कौतुक तर ह्यांचंच अक्षर असल्यासारखं करतात.” शंभू म्हणाला, “वैनी, अण्णांचं बी चांगलंच हाय.” मला त्या दिवशी पित्त झालं. दर रविवारी मी ठरवायचो, उद्या सांगून टाकू. सोमवार उजाडला की पेन्शन आठवायची. निवृत्त झालो, पेन्शन सुरळीत सुरू झाली, मग अब्रू आठवायला लागली. माणसाला न सांगायला कारण लागतं, आणि एक संपलं की दुसरं उगवतं.

दावा लावला तेव्हा आमचा जिल्हा उस्मानाबाद होता. निकाल लागला तोवर धाराशिव झाला. अख्ख्या जिल्ह्याच्या नावाची दुरुस्ती तेवढ्या काळात सगळ्या पाट्यांवर झाली. शंभूच्या नावाची तेवढी राहिली. दावा फेटाळला गेला.

निकालाची नक्कल घेऊन तो सोमवारी आला तेव्हा ओसरीवर मी एकटाच तूर निवडत होतो. या खेपेला त्याने वॉरंट काढलं नाही. निकालच पुढे केला. मी वाचलं. पोलिसांनी न्यायालयाचे वॉरंट सद्भावनेने बजावले. वादीने स्वतः ओळख कबूल केली. न्यायाधीशांनी कर्तव्य बजावताना दिलेल्या हुकमाबद्दल दावा चालू शकत नाही. आणि मग एक वाक्य होतं, ‘वॉरंट तयार करताना कोणाकडून काही त्रुटी राहिली असल्यास, ती व्यक्ती या दाव्यात पक्षकार नसल्याने, त्यावर भाष्य करण्याची आवश्यकता नाही.’ ते वाक्य मी भरभर वाचून टाकलं.

शंभू म्हणाला, “म्हंजी कुनाचंच चुकलं न्हाय.”

“कायद्यानं नाही.”

“मग म्या चार दिस उपाशी कशापायी ऱ्हायलो, अण्णा?”

रागाने विचारलं असतं तर मी काहीतरी कलम सांगितलं असतं. त्याने खरंच विचारलं. पस्तीस वर्षं वजन सांगणाऱ्या माणसाला त्या चार दिवसांचं वजन कुठल्या बाजूला टाकायचं ते कळत नव्हतं, आणि ते सांगू शकणारा माणूस सहा वर्षं त्याच्यासमोर बसून वाचून दाखवत होता. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. सगळ्यांना छत्री होती. मी तर कुणाला दिसलोच नव्हतो, मला छत्रीही लागली नव्हती.

मी आत गेलो, कोरा कागद आणला आणि तुरीच्या सुपावरच ठेवून लिहिलं. ‘सदर वॉरंट माझ्या हातचे आहे. आरोपीच्या वडिलांचे नाव मी लिहिले नाही. त्यामुळे शंभुलिंग बिराजदार यास चुकीने अटक झाली. चुकीचा माणूस नेला गेला. चूक माझी आहे.’ खाली सही केली, तारीख घातली. शिक्का नव्हता. तीस वर्षांत शिक्क्याशिवाय केलेली ही माझी पहिली सही.

कागद त्याच्याकडे दिला. त्याने खिशातून चष्मा काढला, धोतराला पुसला, डोळ्यांवर चढवला आणि सावकाश वाचलं.

“चष्मा होता तर,” मी म्हणालो.

“रोजच असतो.”

“तुला ठाऊक होतं.”

“शिवप्रियेच्या लग्नाच्या तीनशे पत्रिका तुमी लिवल्या, अण्णा. बाईंनी नक्कल हातात दिली त्याच दिशी वळकलं.”

“मग सहा वर्षं बोलला का नाहीस? बाईंना सांगितलं असतंस तर मला दाव्यात ओढलं असतं.”

“वढलं असतं,” शंभू म्हणाला. “मग तुमी बी वकील दिला असता. त्येनं तुमाला बी सद्भावना चिटकवली असती. जज्जसायबांची ओळ लिवायची ऱ्हायली, पोलिसांची ऱ्हायली, तशी तुमची बी ऱ्हायली असती. मला कुनाला वढायचं न्हवतं. मला लिवून पायजे हुतं. त्ये मानूस आपल्या मनानंच लिवतो.” मग त्याला जरा हसू आलं. “पर तुमी लई चिवट निघालासा. मला वाटलं हुतं, चार-पाच सोमवारांत हुईल.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी तुरीच्या फोलपटावर ढकललं. शंभू कागदाची घडी घालणार तोच थांबला. पुन्हा चष्मा नीट केला आणि कागद माझ्यापुढे सुपावर ठेवला.

“अण्णा.”

“आता काय?”

“ह्येच्यात बी बापाचं नाव न्हाय.”

मी बघितलं. नव्हतं. ‘शंभुलिंग बिराजदार’, बस. कोणता शंभुलिंग हे मला याही वेळी इतकं पक्कं ठाऊक होतं. मी पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि दोन शब्दांच्या मधल्या जागेत, अक्षर जरा बारीक करून, लिहिलं, ‘ईरण्णा’. लिहिताना मोठ्याने म्हणालोही. शंभूने मान हलवली. शाई वाळेपर्यंत तो कागद हातात धरून बसला, आणि मी सूप बाजूला सारून त्याच्यासोबत बसलो.

बुधवारी मी मुरुमला तुरीचे दोन कट्टे घेऊन गेलो. दाभण-सुतळी खुंटीला टांगलेली होती. काट्याशेजारी शंभू उभा होता, मिशीला तेल लावून. माझा पहिला कट्टा चढला. तो आकड्याकडे बघून मग माझ्याकडे बघत म्हणाला, “लाभ.”